सहा इंचांची कॉइल

मी राहते त्या इमारतीच्या तळमजल्यावर एक बाई राहतात. वय अडुसष्ट. उंची बेताची. आवाज मात्र असा, की त्यांनी जिन्यात "कोण आहे?" विचारलं तर तिसऱ्या मजल्यावरचा माणूसही नाव सांगून मोकळा होतो. सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असलेला इस्त्रीवालाही.

मावशी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानावर हेडफोन, पुढ्यात बोर्ड, हातात वायरी. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं. "इतक्या जोडप्यांची भांडणं फुकटात ऐकायला मिळत होती. पदरचं कशाला उभं करू?"

निवृत्तीनंतर त्यांच्या मैत्रिणींनी विणकाम घेतलं. मावशींनी मेटल डिटेक्टर घेतला.

तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते फरशी पुसायचं यंत्र वाटलं. लांब दांडा, वर पडद्याची डबी, खालच्या टोकाला ताटाएवढी गोल चकती. चकतीला कॉइल म्हणतात. तिच्यात तांब्याची तार गुंडाळलेली असते. ती जमिनीत साद घालते. धातू असेल तर तो ओ देतो. ती ओ हेडफोनमध्ये ऐकू येते. बाकी सगळं ऐकणाऱ्यावर.

लोक मावशींना बोलावतात. बागेत हरवलेल्या किल्ल्या, वाळूत पडलेली अंगठी, एकदा एका गृहस्थांची तारेची कवळी. मावशी पैसे घेत नाहीत. चहा घेतात, साखर कमी.

माझी त्यांची ओळख किल्लीमुळेच झाली. मी साहित्यात एम.ए. केलं आहे आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासते. हे कळल्यापासून त्या मला कवयित्री म्हणतात. मी कधी कविता लिहिलेली नाही, हे मी त्यांना सांगितलं. "मग तर फारच चांगली कवयित्री आहेस," त्या म्हणाल्या.

गेले सहा महिने त्यांना दुसरी कॉइल घ्यायची होती. यंत्राबरोबर आलेली कॉइल अकरा इंची. त्यांना हवी होती पंधरा इंची. ती खोल जाते आणि एका झोक्यात जास्त जमीन तपासते. समुद्रकिनाऱ्यासाठी उत्तम. मावशींनी पंधरा इंचांचा पुठ्ठा कापून दाराशी टांगला होता. येता-जाता तो दांड्याला बांधून झुलवायच्या. मनगट दुखतं का, ते बघायला.

"भरतीची रेषा एका सकाळी संपवेन," त्या म्हणायच्या. चेहरा सहलीला निघालेल्या मुलीसारखा. दुकानदाराला सांगून एक बाजूला काढून ठेवायलाही लावली होती. पेन्शनमधून या वर्षी एकच कॉइल निघणार होती. ती हीच, यात कुणालाच शंका नव्हती.

मग एका सोमवारी बूटवाले आले.

बूटवाले म्हणजे मागच्या गल्लीतले बूट शिवणारे आजोबा. कमी बोलणारा माणूस. दारात उभे राहिले आणि हातातली टोपी फिरवत राहिले. त्यांच्याबरोबर सून होती. बोलली तीच.

त्यांची नात पाच वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दीड वर्षापूर्वी तिचं ऑपरेशन झालं. कानामागे, कातडीखाली, डॉक्टरांनी एक यंत्र बसवलं. त्यावर बाहेरून एक गोल बटण चिकटतं, चुंबकाने. बटण बाहेरचे आवाज पकडतं आणि कातडीतून आत पाठवतं. बटण आहे तर जग आहे. बटण नाही तर काही नाही.

ते बटण शनिवारी मागच्या अंगणात खेळताना पडलं होतं.

"नवीन मागवलंय," सून म्हणाली. "तीन महिने लागतील म्हणतात. मावशी, तिला एकेचाळीस शब्द येतात. आम्ही भिंतीवर लिहून ठेवलेत. शनिवारपासून ती एकही बोलली नाही. मी समोर तोंड हलवते, तर ती डोळे मिटून घेते."

फोनवरून ते शोधायची सोय होती. बटणातली बॅटरी संपली तशी ती सोयही संपली.

"अंगणात कुणी हात लावलाय का?" मावशींनी विचारलं.

सुनेने आजोबांकडे बघितलं. आजोबा पहिल्यांदा बोलले.

"धाकट्या मुलाने शोधायला दाताळं फिरवलं. रविवारी. सगळं अंगण."

"शाबास," मावशी म्हणाल्या. "म्हणजे केस विंचरायला सांगितले तर हा डोकं भादरणार."

आम्ही लगेच गेलो.

बूटवाल्यांचं काम पुढच्या खोलीत चालतं. लाकडी साचे, चामड्याचा वास, खिडकीशी बुटकं स्टूल. मागे अंगण. वीस फूट बाय बारा. मऊ माती, एका कोपऱ्यात झाड, भिंतीशी पाण्याचा नळ. दिसायला साधं. पण चाळीस वर्षं या दुकानातला केर रोज याच अंगणात लोटला गेला होता. केरात चामड्याचे तुकडे आणि बुटांचे बारीक खिळे. चामडं कुजून गेलं. खिळे राहिले.

मावशींनी हेडफोन लावले. कॉइल जमिनीवरून फिरवली आणि लगेच उचलली. जणू चटका बसला.

"काय झालं?"

"एका वेळी दोनशे लोक बोलतायत."

अशा जागेसाठी यंत्रात एक सोय असते. लोखंड गाळायचं. मग लोखंडावर यंत्र गप्प राहतं आणि बाकीच्या धातूंवर वाजतं. बटणात तांबं असणार, बॅटरी असणार. मावशींनी लोखंड गाळलं आणि शोधायला लागल्या. चार तास. मी मागे उभी होते. सून स्वयंपाकघराच्या दारात. नात पायरीवर बसून मुंग्या बघत होती. एकदा नळाखालची बादली दाणकन पडली. आम्ही सगळे दचकलो. ती नाही.

हेडफोनमध्ये काहीच वाजलं नाही. एकदाही नाही.

आजोबा फावडं घेऊन आले. "सगळी माती काढतो आणि चाळतो."

"ठेवा ते खाली," मावशी म्हणाल्या. "फावड्याचा एक घाव बसला तर काय चाळाल? तुकडे?"

"मग चुंबक फिरवू? मोठं आणतो."

"नको," सून म्हणाली. "दवाखान्यातल्या बाई नको म्हणाल्यात. जोरदार चुंबकाने आतलं बिघडतं."

आजोबा आत गेले आणि कामाला बसले. काही माणसांना दुःख झालं की हाताला काम लागतं. मावशी दमून त्यांच्यासमोर टेकल्या. सुनेने चहा ठेवला. साखर जास्त पडली होती. मावशी काही बोलल्या नाहीत. यावरून काय ते समजावं.

आजोबांच्या हातात बूटवाल्यांची हातोडी होती. डोकं निमुळतं, दोन तोंडांचं. त्यातलं एक तोंड चुंबकाचं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते तोंड त्यांनी खिळ्यांच्या डब्याला लावलं, एक खिळा चिकटून वर आला, तो त्यांनी टाचेत टेकवला, हातोडी उलटी केली, ठोकला. पुन्हा डबा, पुन्हा खिळा. खिळा बोटात धरायचा नाही. चाळीस वर्षांची लय. पण त्या दिवशी त्यांचं लक्ष नव्हतं. हातोडी डब्यात नुसती टेकवायची ती पार बुडाली. वर आली तेव्हा तिला खिळ्यांची दाढी आली होती.

मावशींचा कप तोंडापाशी थांबला.

"पुन्हा करा."

"काय?"

"ते. बुडवा."

आजोबांनी दाढी झटकली आणि हातोडी पुन्हा बुडवली. पुन्हा दाढी.

मावशी माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "कवयित्री, बटणात चुंबक आहे. ते या अंगणात पडलं. वरून त्या शहाण्याने दाताळं फिरवलं. ते एकटं कसं राहील? त्याने जमतील तेवढे खिळे अंगावर ओढून घेतले असणार. आता ते लोखंडच झालंय." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि मी मूर्खासारखी चार तास त्यालाच गाळत होते."

मी पाच वर्षं पुस्तकं वाचून पदवी घेतली. एका गोष्टीकडे बघून दुसरी गोष्ट दिसणं यावर निबंध लिहिले. ते डोळ्यांसमोर घडताना मी त्या दिवशी पाहिलं.

घरी येताना मावशींनी सुनेकडून दोन वस्तू मागून घेतल्या. बटणाच्या डबीत आलेलं एक जादा चुंबक आणि एक संपलेली बॅटरी. आजोबांकडून मूठभर खिळे. घरी त्यांनी एक्स्चेंजमधली जुनी तांब्याची तार काढली, बोटाभोवती वेढे दिले, चुंबक आणि बॅटरी त्यात बसवली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. खोटं बटण तयार झालं.

मंगळवारी सकाळी आम्ही दुकानात होतो.

दुकानदार तरुण, गोल चेहऱ्याचा. "या मावशी! तुमची पंधरा इंची बांधून ठेवलीय."

"सोड."

"सोड म्हणजे?"

"बांधलेली आहे ना? सोड. आणि लहान किती आहेत त्या सगळ्या काढ."

त्याने तीन कॉइली मांडल्या. पंधरा इंची, परातीएवढी. एक लांबट, नऊ इंची. आणि एक सहा इंची, बशीएवढी. तिच्यावर थोडी धूळ होती.

"इथे नाही," मावशी म्हणाल्या. "फरशीखाली सळया असतात. बाहेर चल."

बाहेर फुटपाथवर झाडाच्या आळ्यात हातभर माती होती. मावशींनी आधी ती जागा तपासून घेतली. मग खोटं बटण ठेवलं. त्याला खिळ्यांची दाढी लावली. वर माती लोटली. आजूबाजूला उरलेले खिळे पेरले. एक गृहस्थ थांबले.

"खजिना सापडला तर आम्हाला विसरू नका हं, मावशी."

"तुमच्यासाठीच शोधतेय. अक्कल पडली होती ना इथे तुमची?"

गृहस्थ हसत पुढे गेले.

मावशींनी पंधरा इंची लावली. लोखंड गाळणं बंद केलं. आता यंत्र सगळं सांगणार होतं. त्यांनी एक हेडफोन माझ्या कानाला लावला. एकच लांबलचक घरघर. कुठे सुरू, कुठे संपली, काही कळेना.

"बघितलंस? ती खोल जाते, लांब जाते, पण सगळ्यांना एकदम उचलते. गर्दीत एकालाही ओळखत नाही." त्या क्षणभर त्या परातीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती काढून दुकानदाराच्या हातात दिली. जरा जपून दिली.

लांबट लावली. घरघर तुटक झाली.

"ही घ्या," दुकानदार म्हणाला. "समुद्रावरही चालते, खिळ्यांतही चालते. दोन्हीकडची आहे."

"दोन्हीकडची माणसं मी तीस वर्षं ऐकलीत. पुढची दे."

सहा इंची लावली. मावशी वाकल्या. कॉइल मुंगीच्या वेगाने सरकवली. हेडफोनमध्ये टक. मग शांतता. टक, टक. शांतता. प्रत्येक खिळा वेगळा बोलत होता. मग मध्येच एक जाड, खरवडलेला आवाज. मला तो बाकीच्यांसारखाच वाटला.

"शेपटी ऐक," मावशी म्हणाल्या.

"कसली शेपटी?"

"आवाज संपताना ऐक. लोखंड खाली उतरतं. हा बघ, शेवटी किंचित वर जातो. आत तांबं आहे. लोखंडाच्या गराड्यातून ते बोलू बघतंय."

मी कान देऊन ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी ती जागा पुन्हा पुन्हा ओलांडली. आठव्या वेळी, अगदी टोकाला, केसाएवढा एक सूर वर उचलला गेला. की मला तसा भास झाला? आजही सांगता येणार नाही.

"मावशी, स्पष्ट सांगतो," दुकानदार म्हणाला. "ही वीतभर खोल जाते, संपलं. उद्या हिने किनारा शोधायला घेतलात तर जन्म जाईल. आणि वापरलेली कॉइल मी परत घेत नाही."

"माहितीय."

"सहा महिने तुम्ही मोठीचं बोलताय."

"ते पण माहितीय. बिल कर."

परत येताना मी न राहवून विचारलं, "मग मोठीचं काय?"

"समुद्र कुठे पळून जातोय?" त्या म्हणाल्या.

दुपारी शोध सुरू झाला. आजोबांनी मेण लावलेला दोरा दिला. आम्ही अंगणावर फूटफूट अंतराने दोरे ताणले. मावशी आजोबांच्या बुटक्या स्टुलावर बसल्या. एक पट्टा संपला की स्टूल पुढे सरकवायचं काम माझं. खणायचं कामही माझं. हातात लाकडी डाव. धातूचं काही नको म्हणाल्या.

अकरा इंचीने जे अंगण चार तासांत चार वेळा झालं असतं, ते या बशीने इंचाइंचाने करायचं होतं. मावशींचे डोळे मिटलेले. चेहऱ्यावर काही नाही. मधूनच त्या स्वतःशी बोलत. "तू खिळा. तूही खिळाच. तू नाल आहेस बाबा, राहा तिथेच." मी हळूच उकरून बघितलं. बुटाच्या टाचेची नालच होती. गंजून काळी पडलेली. मी ती परत पुरली.

तिसऱ्या पट्ट्यात त्या थांबल्या. मी खणलं. खिळ्यांचा गंजून एक झालेला गोळा निघाला, आत काही नाही. सून आत निघून गेली. पाचव्या पट्ट्यात पुन्हा तेच. सातव्यात मावशींनी पाणी मागितलं. मग मनगट चोळलं. धाकटा मुलगा कामावरून आला होता, भिंतीशी उभा होता. त्याने दोनदा "मी धरू का?" असं विचारलं. दुसऱ्यांदा मावशींनी एक डोळा उघडला.

"ऐकू येतं तुला?"

"काय?"

"तेच विचारतेय."

नवव्या पट्ट्यात, नळाच्या अलीकडे, कॉइल थांबली. मागे गेली. पुन्हा पुढे आली. मावशी स्टुलावरून उतरल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. दांडा आखूड करून हातातच धरला. आडवी गेली, उभी गेली. मी त्यांच्याकडे बघत होते. मातीत मला काही दिसत नव्हतं, मला दिसत होता फक्त एक चेहरा, जो दूरवरचं कुणाचं तरी बोलणं ऐकत होता आणि त्यातला शब्द न् शब्द त्याला कळत होता.

"इथे," त्या म्हणाल्या. बोट टेकवलं. "चार बोटं खाली. हळू."

मी डावाने माती बाजूला केली. एक बोट. दोन. तीन. मग खिळ्यांचा एक पुंजका दिसला. साळिंदरासारखा, सगळीकडून काटे. हे खिळे एकमेकांना गंजून चिकटलेले नव्हते. ते उभे होते. आतून कुणीतरी त्यांना धरून ठेवलं होतं.

आजोबा कधी आले मला कळलं नाही. त्यांनी तो पुंजका तळहातावर घेतला आणि एकेक खिळा उपटायला सुरुवात केली. आयुष्यभर खिळे ठोकलेली बोटं. एकतीस खिळे निघाले. मोजायचं कारण नव्हतं, पण मी मोजले. शेवटी तपकिरी रंगाचं, कोटाच्या बटणापेक्षा थोडं मोठं, मातीने माखलेलं काहीतरी उरलं.

सून ओरडली नाही. ती खालीच बसली.

मावशी म्हणाल्या, "कुणीतरी मला उठवा. गुडघा अडकलाय."

दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर सांगितलं, पुसा, रात्रभर सुकवणीच्या डबीत ठेवा, सकाळी नवी बॅटरी घाला. चालू झालं तर झालं. न झालं तर तीन महिने आहेतच.

सकाळी आम्ही सगळे पुढच्या खोलीत होतो. आजोबांनी काम बंद ठेवलं होतं. सुनेने बॅटरी घातली. काही झालं नाही. तिने ती काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली. हिरवा दिवा एकदा लुकलुकला. मग पुन्हा.

तिने नातीचे केस बाजूला केले आणि बटण कानामागे नेलं. ते तिच्या हातातून आपोआप ओढलं गेलं आणि जागेवर बसलं. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. कातडीच्या वर एक कॉइल, कातडीच्या खाली एक. एक साद घालते, एक ओ देते. मावशी सहा महिने मला हेच समजावत होत्या.

कुणी बोलेना. बोलायचा धीर होईना. बोललो आणि तिने मान वळवली नाही तर? सून माझ्याकडे बघत होती, मी आजोबांकडे, आजोबा जमिनीकडे.

नातीने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. एकेक करून. तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिने आईची हनुवटी धरली आणि हलवली.

"बोल," ती म्हणाली.

मग आम्ही सगळे एकदम बोललो. मी काय बोलले, मला आठवत नाही. सून रडत होती आणि बोलत होती. धाकटा माफी मागत होता, कुणाची ते त्यालाही माहीत नसावं. आजोबा, ज्यांची चार वाक्यं मी जन्मात ऐकली होती, ते न थांबता बोलत सुटले होते. पोरीने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"ए!" मावशी कडाडल्या. "एकेक जण बोला! पोरीचं डोकं आहे ते, बाजार नाही!"

आम्ही गप्प झालो. पोर मावशींकडे बघून हसली.

मग एकेक जण बोललो. आधी आजोबा.